यीस्टला न पचणारी साखर

अमेरिकेत घरी बिअर करण्याचे सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचे डबे असतात. जवाच्या मॉल्टमधली साखर कारखान्यात आधीच काढून, आटवून केलेला हा दाट पाक. नवशिक्याने तो गरम पाण्यात विरघळवावा, हॉप्स नावाच्या वेलाचे सुवासिक फुलोरे घालून तासभर उकळावा, निववावा आणि त्यात यीस्ट सोडावे. काही आठवड्यांत बिअर तयार होते आणि पुष्कळदा ती खरोखर चांगली असते. पण डबा उघडण्यापूर्वीच एक निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेऊन टाकलेला असतो. त्या साखरेतली किती यीस्ट खाऊ शकेल आणि किती त्याला पचणार नाही, हा तो निर्णय. फिकट, कोरड्या बिअरमध्ये त्याने फारसे बिघडत नाही. हॉप्सचा भरपूर वास आणि कडवटपणा असलेल्या ॲम्बर एलमध्ये मात्र सगळी चव या शिल्लक साखरेवर उभी असते. म्हणून ही बिअर थेट धान्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. दिवस जास्त मोडतो, भांडी जास्त घासावी लागतात, पण तो निर्णय आपल्या हातात राहतो.

आधी ही बिअर म्हणजे काय ते पाहू. अमेरिकन ॲम्बर एलचा रंग गडद सोनेरीपासून लालसर तपकिरीपर्यंत असतो. बिअर स्पर्धांच्या परीक्षकांसाठी नियम ठरवणारी बीजेसीपी ही संस्था तिच्यात ४.५ ते ६.२ टक्के अल्कोहोल आणि २५ ते ४० आयबीयू कडवटपणा अपेक्षित धरते. आयबीयू हे कडवटपणाचे माप. एक लिटर बिअरमध्ये हॉप्सची कडू आम्ले साधारण किती मिलिग्रॅम उतरली आहेत, ते त्यावरून कळते. पेल एलमध्ये हॉप्सना मोकळे रान असते. ॲम्बरमध्ये त्यांच्यासमोर कॅरॅमल, भाजलेला पाव आणि टॉफीकडे झुकणारा मॉल्टचा गोडवा असतो. दोन्ही बाजू पूर्ण जोराने हव्या आणि तरी एकीने दुसरीला दाबता कामा नये. शिल्लक साखर कमी पडली तर कडवटपणा उघडा पडतो आणि जिभेवर खरखरीत लागतो. ती जास्त झाली तर अर्धा ग्लास संपायच्या आत बिअर जड वाटू लागते.

या प्रकाराचा जन्मच घरगुती बिअरमधून झाला आहे. जॅक मॅकॉलिफ हा अमेरिकन नौदलातला तंत्रज्ञ स्कॉटलंडमध्ये नेमणुकीवर असताना तिथल्या एलच्या प्रेमात पडला आणि घरी बिअर करायला शिकला. परतल्यावर १९७६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे न्यू अल्बियन ब्रुअरी काढली. दुग्धव्यवसायातली जुनी भांडी मिळवून, बरेचसे सामान स्वतः जोडून ती उभी राहिली होती. १९८२ मध्ये ती बंद पडली, पण तिची यंत्रसामग्री आणि यीस्ट उत्तरेला हॉपलँड नावाच्या गावी गेले. तिथे १९८३ मध्ये मेंडोसिनो ब्रुइंग कंपनी सुरू झाली आणि तिची रेड टेल एल ही अमेरिकेतल्या सुरुवातीच्या ॲम्बर एलपैकी एक ठरली. त्याच काळात चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमनने सिएरा नेवाडा ही ब्रुअरी उभी केली. तिची पहिली बिअर १९८० च्या अखेरीस शिजली. तिच्या यीस्टला आज जगभरचे ब्रूअर 'चिको' म्हणूनच ओळखतात.

या मंडळींच्या हाती एक नवे हॉप आले होते. ओरेगनमधल्या कॉर्व्हालिस इथे अमेरिकी कृषी खात्याच्या हॉप-पैदास कार्यक्रमातून कॅस्केड ही जात तयार झाली आणि १९७२ मध्ये ती लागवडीसाठी खुली झाली. तिच्या पूर्वजांमध्ये इंग्लंडची फगल ही जुनी जात आहे, पण वास फगलसारखा मातकट नाही. तो ग्रेपफ्रूटच्या सालीचा आणि फुलांचा आहे. युरोपातल्या नामांकित हॉप्सशी तुलना करणाऱ्यांना सुरुवातीला हा वास भडक वाटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये कॅस्केड मोकळ्या हाताने वापरले आणि नव्या ब्रूअरांना वाट दिसली. युरोपच्या बिअरची नक्कल करता करता अमेरिकेला स्वतःची चव सापडली, ती या एका जातीमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कायदाही त्याच दशकात बदलला. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअरची मिळाली नाही. ती मिळायला ४५ वर्षे लागली. सेनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी मांडलेली दुरुस्ती असलेल्या विधेयकावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करता येते. विकता येत नाही. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ मध्ये राजी झाली. महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीसारख्या मायक्रोब्रुअरी परवाना घेऊनच चालतात. तेव्हा पुढची कृती जिथे ती कायदेशीर आहे तिथल्या स्वयंपाकघरांसाठी आणि गराजांसाठी आहे. बाकीच्यांनी ती ग्लासातल्या बिअरमागचे शास्त्र म्हणून वाचावी.

सुरुवात जवापासून, म्हणजे बार्लीपासून. कोरड्या जवात पिष्ट भरपूर असते, पण यीस्टला पिष्ट खाता येत नाही. त्याला साखर लागते. पिष्टाची साखर करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, जव अंकुरताना स्वतःच तयार करतो. म्हणून जव भिजवून, चार-पाच दिवस मोड आणून, मग गरम हवेत वाळवतात. हेच मॉल्ट. आपल्याकडे बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणतात, त्यामागे हीच रासायनिक क्रिया आहे. मोडाच्या नाचणीची पेज पातळ होते आणि पचायला हलकी जाते, कारण शिजताना विकरांनी तिच्यातले पिष्ट तोडलेले असते. जव या कामात नाचणीपेक्षा बराच ताकदवान आहे. शिवाय त्याचे टरफल घट्ट असते आणि पुढे गाळताना तेच गाळणीचे काम करते.

सुमारे २० लिटर बिअरसाठी माझे माप असे. फिकट टू-रो मॉल्ट ४.२ किलो, म्युनिक मॉल्ट अर्धा किलो, मध्यम रंगाचे क्रिस्टल मॉल्ट ४५० ग्रॅम आणि चॉकलेट मॉल्ट फक्त ६० ग्रॅम. चॉकलेट मॉल्टमध्ये चॉकलेट नसते. तो जवळपास काळा होईपर्यंत भाजलेला जव असतो आणि इथे तो लाल छटेसाठी आहे. तो १५० ग्रॅमवर गेला की कॉफीसारखी जळकी चव येते आणि बिअर ॲम्बर राहत नाही. म्युनिक मॉल्ट जरा जास्त उष्णतेत वाळवलेले असल्याने पावाच्या कडेसारखी खमंग चव देते. उरले क्रिस्टल. ते करताना ओला, मोडाचा जव वाळवण्याआधीच बंद भांड्यात साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर ठेवतात. दाण्याच्या आत, टरफलातच पिष्टाची साखर होते. मग उष्णता वाढवून ती साखर भाजली जाते. फोडून पाहिले तर आतला भाग काचेसारखा कडक आणि चमकदार दिसतो. कॅरॅमलचा जो स्वाद ॲम्बरला हवा असतो तो मुख्यतः इथून येतो. क्रिस्टल मॉल्टच्या पोत्यावर ४०, ६०, ८० असे आकडे असतात. जोसेफ लोव्हिबॉन्ड या इंग्लिश ब्रूअरने एकोणिसाव्या शतकात रंगीत काचांशी ताडून बिअरचा रंग मोजण्याची पद्धत काढली, तिच्या मापातले हे आकडे आहेत. ४० चा स्वाद मधाकडे जातो, ८० चा मनुकांकडे. मी ६० घेते, कारण हॉप्सच्या फळांच्या वासाशी मनुका भांडतात.

धान्य भरडायचे, दळायचे नाही. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटावा आणि टरफल शक्यतो अखंड राहावे. पीठ झाले तर नंतर पाणी खाली उतरतच नाही.

आता मॅश. भरडलेले धान्य गरम पाण्यात तासभर मुरवायचे, एवढीच ही क्रिया, पण बिअरचे भवितव्य याच तासात ठरते. या वेळी भांड्यात दोन विकरे काम करत असतात. बीटा-अमायलेज पिष्टाच्या साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे कापते. या तुकड्याला माल्टोज म्हणतात आणि ते यीस्टचे आवडते खाद्य आहे. आल्फा-अमायलेज साखळीवर मधे कुठेही घाव घालते. त्यामुळे बीटाला नवी टोके मिळतात, पण त्याबरोबर मध्यम लांबीचे, फांद्या असलेले तुकडेही मागे राहतात. ते डेक्स्ट्रिन. यीस्टला ते खाता येत नाहीत. बीटा-अमायलेजला साधारण ६० ते ६५ अंश मानवतात आणि त्यावर ते भराभर निकामी होते. आल्फा ७० अंशांपर्यंत सुखाने काम करते. ६३ अंशांवर मॅश केली तर बीटाला सवड मिळते, वॉर्ट, म्हणजे मॅशमधून निघणारा गोड द्रव, आंबण्याजोगा होतो आणि बिअर कोरडी निघते. ६९ अंशांवर बीटा लवकर मरते, डेक्स्ट्रिन जास्त उरतात आणि बिअर भरीव होते. सहा अंशांच्या या पट्ट्यात ब्रूअरची सारी मर्जी सामावते. हॉप्सवाल्या ॲम्बरसाठी मी ६७ अंश धरते. बावीस अंशांच्या धान्यात ७३-७४ अंशांचे साडेपंधरा लिटर पाणी ओतले की मिश्रण तिथे येऊन थांबते. जाड भिंतींचा सहलीचा कूलर हे त्यासाठी उत्तम भांडे, कारण तासाभरात त्यात एखादा अंशच उतरतो. ऑस्ट्रेलियातल्या हौशी ब्रूअरांनी रूढ केलेली कापडी पिशवीची पद्धतही छान आहे. धान्य पिशवीत, पिशवी पातेल्यात, आणि शेवटी पिशवी उचलून निथळायची. काम झाले का हे पाहायला चमचाभर द्रवावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर पिष्ट अजून शिल्लक आहे. थेंबाचा पिवळसर तपकिरी रंग बदलला नाही तर साखर झाली.

एक बारकावा इथेच सांगायला हवा, कारण पुष्कळ जाणकारही त्यात गल्लत करतात. डेक्स्ट्रिनना स्वतःची गोड चव जवळपास नसते. ते बिअरला तोंडात भरीवपणा देतात. गोडवा वाटतो तो क्रिस्टल मॉल्टच्या भाजलेल्या साखरेमुळे आणि कॅरॅमलच्या वासामुळे. म्हणजे 'शिल्लक' दोन प्रकारची असते. मॅशचे तापमान भरीवपणा ठरवते आणि क्रिस्टलचे प्रमाण गोडव्याचा भास ठरवते. भरीवपणा हवा म्हणून क्रिस्टल वाढवणारा ब्रूअर शेवटी चिकट, दमवणारी बिअर पितो. एकूण धान्यात ते दहा टक्क्यांच्या आत ठेवावे आणि भरीवपणा तापमानाकडून मागावा.

मॅश झाल्यावर तळाची तोटी हळू उघडायची. पहिले गढूळ भांडेभर पाणी परत वर ओतायचे, म्हणजे टरफलांचा थर बसतो आणि खाली स्वच्छ वॉर्ट येऊ लागतो. मग ७५-७६ अंशांचे सुमारे पंधरा लिटर पाणी धान्यावर घालून उरलेली साखर धुऊन काढायची. याहून गरम पाणी घातले तर टरफलातले तुरट टॅनिन उतरते. पातेल्यात २५ लिटरच्या आसपास वॉर्ट जमतो. तो उकळताना आटून सुमारे २१ होतो आणि तळाचा गाळ सोडल्यावर वीसच्या आसपास हाती येतो. धान्याचा चोथा गुरांना, कोंबड्यांना चालतो. पावाच्या पिठातही घालता येतो.

पाण्याबद्दल थोडेच. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मॉल्टमधल्या फिनॉलशी मिळून दवाखान्यासारखा वास आणते. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या चिमटीने ते जाते. पाण्यात सल्फेट जास्त असले तर कडवटपणा टोकदार लागतो, क्लोराइड जास्त असले तर मॉल्ट गोलाईने पुढे येते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त, म्हणून तिथल्या पेल एल गाजल्या. ॲम्बरसाठी दोन्ही बरोबरीने असावेत.

उकळीला एक तास द्यायचा. या तासात विकरे मरतात, जंतू मरतात, प्रथिने गुठळ्या होऊन खाली बसतात आणि मॉल्टमधून तयार होणारा, शिजलेल्या मक्यासारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जातो. म्हणून झाकण लावायचे नाही. पण या तासाचे मुख्य काम हॉप्सचे आहे.

हॉप्स हा एक वेल आहे, गांजाच्या कुळातला. वॉशिंग्टन राज्यातले याकिमा खोरे हे अमेरिकेतल्या हॉप्सचे मोठे आगर आहे. भारतात हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड होते. मादी वेलाच्या शंकूसारख्या फुलोऱ्यात पाकळ्यांच्या मुळाशी पिवळ्या ग्रंथी असतात, त्यांना लुपुलिन म्हणतात. बिअरला हवे ते सारे त्यांच्यात असते. त्यातली आल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि फार कडूही नसतात. उकळत्या वॉर्टमध्ये त्यांच्या रेणूची रचना बदलते, आयसो-आल्फा आम्ले तयार होतात आणि मग कडवटपणा बिअरमध्ये उतरतो. हे काम सावकाश चालते. तासभर उकळूनही घातलेल्या आल्फा आम्लांपैकी चौथा हिस्सा, फार तर तिसरा, कामी येतो. सुवासिक तेलांचे उलट असते. मर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल ही तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स लवकर घालायचे, वासासाठी उशिरा. उकळी फुटली की १३ टक्के आल्फा आम्ल असलेले मॅग्नमसारखे हॉप २० ग्रॅम घालावे. त्यातून सुमारे २८ आयबीयू मिळतात. तास संपायला दहा मिनिटे असताना २८ ग्रॅम कॅस्केड. आच बंद केल्यावर आणखी ४० ग्रॅम कॅस्केड किंवा सेंटेनियल, आणि वीस मिनिटे ढवळत मुरू द्यायचे. सगळे मिळून कडवटपणा चाळिशीच्या जवळ जातो. या ॲम्बरने तेवढे धीट असायलाच हवे.

उकळी संपली की घाई. तांब्याची नळी वॉर्टमध्ये बुडवून तिच्यातून थंड पाणी सोडले तर अर्ध्या तासात वॉर्ट विशीत येतो. इथून पुढे त्याला लागणारी प्रत्येक वस्तू जंतुनाशकातून काढलेली हवी. भांडे, नळी, झाकण, कात्रीसुद्धा. गोड, कोमट वॉर्टवर लॅक्टोबॅसिलससारखे जीवाणू टपलेले असतात. बिअर झाल्यावर तिच्यातले आम्ल, अल्कोहोल आणि हॉप्स मिळून रोगजंतूंना टिकू देत नाहीत, पण चव बिघडवणारे जंतू टिकतात. डेक्स्ट्रिन यीस्टला पचत नाहीत, पण काही जंगली यीस्टना ते चांगले पचतात. शिरकाव झाला तर एवढ्या काळजीने राखलेला भरीवपणा महिन्याभरात खलास होतो.

हायड्रोमीटर या वेळी १.०५६ च्या आसपास दाखवेल, म्हणजे वॉर्ट पाण्याच्या एवढ्या पट जड. चिको जातीचे कोरडे यीस्ट, ११.५ ग्रॅमचे पाकीट, २० लिटरला पुरते. द्रवरूप यीस्ट वापरत असाल तर आधी भांडे जोराने हलवून वॉर्टमध्ये हवा मिसळावी. यीस्टला पेशीपटलासाठी लागणारी स्टेरॉल्स बनवायला सुरुवातीला प्राणवायू लागतो. मग झाकण, हवाबंद नळी, आणि १८-१९ अंशांची जागा. यीस्ट आधी ग्लुकोज संपवते, मग माल्टोज, आणि शेवटी तीन ग्लुकोजची माल्टोट्रायोज. शेवटची साखर कोण किती खाते, यावर यीस्टच्या जाती वेगळ्या पडतात. चिको ती बऱ्यापैकी संपवते, अनेक इंग्लिश जाती अर्धवट सोडतात. शिल्लक ठरवणारी ही तिसरी किल्ली. ६७ अंशांच्या मॅशवर चिको सोडले तर वजन १.०१३ च्या आसपास थांबते आणि अल्कोहोल साडेपाच टक्क्यांवर येते. तापमान मात्र सांभाळावे लागते. आंबताना वॉर्ट स्वतः गरम होतो, भोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंश वर जाऊ शकतो. २५ अंशांच्या वर गेला तर फळकट, तिखट अल्कोहोलचा वास येतो आणि तो मग जात नाही. बुडबुडे थांबले तरी यीस्टला आणखी दोन-तीन दिवस द्यावेत. आंबताना बनलेला, लोण्यासारखा वास देणारा डायॲसिटिल यीस्ट या दिवसांत परत खाऊन टाकते. बिअर घाईने उपसण्यात फायदा काहीच नाही.

आता हॉप्सचा शेवटचा डोस. आंबणे संपत आले असताना ५० ग्रॅम कॅस्केड आणि सेंटेनियल बिअरमध्ये थेट, थंडपणे सोडायचे. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. उष्णता नसल्याने कडवटपणा फारसा वाढत नाही, वास सगळा राहतो. यीस्टही इथे हातभार लावते. हॉप्समधल्या जेरॅनिऑलचे ते सिट्रोनेलॉल करते आणि गुलाबाकडे झुकणारा वास लिंबाकडे सरकतो. तीन-चार दिवस पुरेत, जास्त ठेवले तर गवताचा वास उतरतो.

या टप्प्यावर एक धोका आहे आणि शिल्लक साखरेचा विषय त्यात पुन्हा समोर येतो. सुक्या हॉप्समध्येही थोडी विकरे असतात. ती बिअरमध्ये गेली की राखून ठेवलेले डेक्स्ट्रिन तोडू लागतात, त्यातून साखर निघते आणि झोपलेले यीस्ट पुन्हा जागे होते. होरेस ब्राउन आणि जी. हॅरिस मॉरिस या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच हे नोंदवले होते. मग ते बराच काळ विस्मरणात गेले. हॉप्सवाल्या बिअरचा बहर आल्यावर ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर पुन्हा नेटाने काम केले. आज ब्रूअर याला हॉप क्रीप म्हणतात. मोठ्या ब्रुअरीत टाकीवर दाबमापक असतो. घरी काचेच्या बाटल्या असतात. बाटलीत फेस यावा म्हणून आपण भरताना लिटरला सहा ग्रॅम साखर घालतोच. त्यात डेक्स्ट्रिनमधून सुटलेल्या साखरेची भर पडली तर दाब इतका वाढतो की बाटली फुटू शकते, आणि फुटलेल्या बाटलीच्या काचा जीवघेण्या असतात. म्हणून ड्राय हॉपिंग झाल्यावर तीन दिवसांच्या अंतराने दोनदा हायड्रोमीटर पाहावा. दोन्ही आकडे सारखे आले तरच बाटल्या भराव्या. १.०१३ चे १.०११ होताना दिसले तर थांबावे.

बाटल्या तपकिरी घ्याव्या. प्रकाशात आयसो-आल्फा आम्ले तुटतात आणि गंधकाचा एक रेणू तयार होतो, त्याचा अतिसूक्ष्म अंशसुद्धा नाकाला कुबट वास देतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून तो प्रकाश सहज जातो. भरताना बिअर खळखळू देऊ नये, नळीचे टोक तळाशी ठेवावे. हवेतला प्राणवायू हॉप्सचा वास आधी मारतो आणि कॅरॅमलला जुन्या मनुकांची चव आणतो. दोन आठवडे खोलीच्या तापमानात फेस धरू द्यावा, मग फ्रिजमध्ये. ही बिअर जपून ठेवण्याची नाही. भरल्यापासून तीन ते आठ आठवडे तिचे उत्तम दिवस.

पहिली बाटली उघडल्यावर काय बदलायचे ते जीभच सांगते. कडवटपणा उघडा पडला असेल तर हॉप्स कमी करण्याआधी पुढच्या वेळी मॅश ६८ अंशांवर न्यावी. गोडवा चढत असेल तर क्रिस्टल ४५० वरून ३५० ग्रॅमवर आणावे आणि मॅशला हात लावू नये. दोन्ही एकदम बदलले तर फरक कुणामुळे पडला ते कळत नाही. बिअर पातळ वाटते पण हायड्रोमीटर मात्र १.०१४ दाखवतो, असे झाले तर दोष बहुतेक धान्यात नसतो. पाण्यातले क्लोराइड कमी असते किंवा फेस फार असतो, आणि तो सुधारायला चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड किंवा लिटरमागे अर्धा ग्रॅम कमी साखर पुरते.